आरोपाची पोस्ट पडली की आधी पुसणं थांबवा

नोकरी सोडून गेलेल्या एखाद्या मुलीने लिंक्डइनवर लिहिलं की अमुक मॅनेजरने आपल्याला असा असा लैंगिक त्रास दिला. दुपारपर्यंत ती पोस्ट दहा जणांकडून तुमच्या फोनवर आली. अशा वेळी मालक, एचआर, मार्केटिंग सगळे उत्तराचा मसुदा करायला बसतात. उत्तर संध्याकाळी दिलं तरी चालतं. आधी आयटीच्या माणसाला फोन करा आणि सांगा, की या दोघांचं काहीही पुसायचं नाही. फोन ठेवला की तेच मेलवर लिहून पाठवा, म्हणजे वेळेची नोंद राहते.

हे मी सगळ्यात वर लिहितेय, कारण मागच्या वेळी नेमकं हेच माझ्याकडून राहिलं. निवेदन झालं, कंपनीची लैंगिक छळाच्या तक्रारी बघणारी अंतर्गत समिती बसली, दोन्ही बाजूंचं ऐकून घेतलं. मग समितीने तिचे मेल मागितले, तेव्हा कळलं की तिचा लॅपटॉप फॉरमॅट होऊन नवीन आलेल्या मुलाच्या टेबलावर आहे. जुन्या नंबराचं स्टिकर तसंच होतं, आत काही नव्हतं. आयटीने चुकीचं काही केलं नव्हतं. माणूस गेला की मशीन साफ करायचं, हाच नियम होता आणि तो थांबवायला मी सांगितलं नव्हतं. तिला आपलं म्हणणं शाबीत करता आलं नाही आणि त्या मॅनेजरलाही स्वतःला सोडवून घेता आलं नाही. ज्या कागदांवर दोघांचा हक्क होता ते कंपनीच्या हातून गेले.

म्हणून काय काय थांबवायचं ते नीट ऐका. दोघांचे लॅपटॉप कपाटात, कुलूप लावून, किल्ली एकाकडेच. आरोप झालेला माणूस कामावर असेल तर त्याला दुसरं मशीन द्या. मेल खाती डिलीट झाली असतील तर धावपळ करा. गुगल वर्कस्पेसमध्ये डिलीट केलेलं खातं 20 दिवसांपर्यंत परत आणता येतं, मायक्रोसॉफ्ट 365 मध्ये 30 दिवसांपर्यंत. ती मुदत गेली की हात चोळत बसावं लागतं. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरची डिस्क भरली की जुन्यावर नवं चढतं, लहान ऑफिसांत बहुतेक महिन्याच्या आतच. घटना अलीकडची असेल तर आजच फुटेज उतरवून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर टीमच्या ग्रुपला मेसेज आपोआप पुसले जाण्याचं सेटिंग असेल तर ते आधी बंद करा, कारण 24 तास, 7 दिवस किंवा 90 दिवस, जे लावलं असेल त्याप्रमाणे मेसेज निघून जातात. हजेरीच्या मशीनचा डेटा, कॅबची बिलं, ऑफसाइटच्या हॉटेल बुकिंगचे मेल, अप्रेझलचे जुने शेरे हेही ठेवा. त्याने तिचं रेटिंग अचानक खाली आणलं होतं का, हा प्रश्न हमखास निघतो.

पोस्टचे स्क्रीनशॉट घ्या, तारीख-वेळ आणि लिंकसकट, कमेंट्सही. मूळ फाइल्स उघडून बघत बसू नका, प्रत काढा आणि प्रतीवर काम करा. प्रकरण पुढे कोर्टात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदलली की नाही ते दाखवणारा सांकेतिक आकडा, नोंदवावी लागते. आयटीवाल्याला आत्ताच काढायला लावा, त्याला दहा मिनिटं लागतात.

आता ती पोस्ट. पोस्ट म्हणजे पॉश कायद्याखालची, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याखालची, तक्रार नव्हे. 2013 च्या कायद्याप्रमाणे तक्रार लेखी लागते, शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत. कारण नोंदवून समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. इथे बऱ्याच कंपन्या खांदे उडवतात: लेखी काही आलं नाही, आम्ही काय करणार! असं करू नका. तिला स्वतःहून लिहा. दोन-तीन ओळी पुरतात: तुमची पोस्ट वाचली, समितीच्या अध्यक्ष अमुक मॅडम आहेत, त्यांचा थेट मेल हा, तक्रार लिहायला मदत हवी असेल तर त्या करतील. ती मदत करणं कायद्यानेच अध्यक्षांवर टाकलेलं आहे. पत्र मालकाच्या सहीने जाऊ नये आणि कंपनीच्या वकिलाच्या सहीने तर मुळीच नको. "पोस्ट काढा, मग बोलू" हे वाक्य पत्रात नको, फोनवर नको, तिच्या मैत्रिणीमार्फतही नको. तिचं फुल अँड फायनल, म्हणजे नोकरी सोडतानाचा पैशांचा शेवटचा हिशेब, अडकलेलं असेल तर ते त्याच आठवड्यात मोकळं करा, कुठल्याही कागदावर सही न मागता.

मुदत उलटून गेली असेल, दोन-तीन वर्षं झाली असतील, तरी विषय संपत नाही. सेवानियमांखाली चौकशी करता येते. तिला पोलिसांत जायचं असेल तर मदत करणं हे मालकाचं कर्तव्यच आहे, पॉश कायद्याचं कलम 19 वाचा. आरोप खुद्द मालकावर असेल तर ऑफिसातली समिती कामाची नाही. जिल्ह्याच्या स्थानिक समितीचा पत्ता तिला द्या, शी-बॉक्स या तक्रारींसाठीच्या सरकारी पोर्टलचंही सांगा.

निनावी खात्यावरून पोस्ट असेल तर कोणी लिहिली याचा शोध घेऊ नका. लिहिण्याची शैली जुळवत बसणारे हौशी लोक प्रत्येक ऑफिसात असतात, त्यांना पहिल्याच दिवशी गप्प बसवा.

बदनामीची नोटीस पाठवावी असा सल्ला तासाभरात येईल. पत्रकार प्रिया रमाणी यांनी माजी केंद्रीय मंत्री एम. जे. अकबर यांच्यावर लैंगिक छळाचा आरोप केला होता; अकबर यांनी त्यांच्यावर भरलेल्या बदनामीच्या खटल्यात दिल्लीच्या न्यायालयाने 17 फेब्रुवारी 2021 रोजी रमाणींना निर्दोष सोडलं. स्त्रीला आपली तक्रार तिला वाटेल त्या व्यासपीठावर, अगदी काही दशकांनंतरही मांडायचा हक्क आहे, असं त्या निकालात म्हटलेलं आहे. नोटीस म्हणजे पुढच्या मुलीला तोंड बंद ठेवायची धमकी असते आणि ऑफिसातल्या सगळ्या बायका ती तशीच वाचतात.

जाहीर निवेदन चार ओळींचं. आरोप आमच्यापर्यंत पोचले आहेत, चौकशीची व्यवस्था अशी आहे, संपर्क इथे करा, गोपनीयतेमुळे याहून जास्त बोलणार नाही. नावं नाहीत, "शून्य सहनशीलता" नाही, "आम्ही एक कुटुंब आहोत" तर नाहीच नाही. "आरोप निराधार आहेत" असं चौकशीआधी लिहिलंत तर समितीचा निकाल तुम्हीच जाहीर केल्यासारखं होतं. तक्रार दाखल झाल्यावर तक्रारदार, आरोप झालेली व्यक्ती, साक्षीदार, कुणाचीही ओळख बाहेर द्यायची नाही, हे कलम 16. स्टाफला एकच मेल: कमेंट नको, तिला मेसेज नको, त्याच्या समर्थनाच्या पोस्टी नकोत, आणि कुणाकडे काही मेसेज, फोटो असतील तर पुसू नका. पुसू नका हे ठळक अक्षरांत लिहा. घाबरून किंवा मित्राला वाचवायला म्हणून लोक पहिल्याच रात्री चॅट साफ करतात.

समिती कागदावर आहे की खरी आहे ते आजच बघा. दहा किंवा जास्त माणसं असतील तर ती हवीच. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री, निम्म्याहून कमी स्त्रिया चालत नाहीत, एक सदस्य बाहेरचा. बोर्डावरच्या यादीतल्या मॅडम दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या असतात, हे मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिलं आहे. समिती न नेमल्याचा दंड 50,000 रुपयांपर्यंत आहे, पण त्याहून वाईट हे की चुकीच्या समितीने केलेली चौकशी कोर्टात उभी राहत नाही.

तक्रार आली की सात कामाच्या दिवसांत प्रत आरोप झालेल्याला द्यायची, त्याचं उत्तर दहा कामाच्या दिवसांत घ्यायचं, वकील आत नाही. ती अजून नोकरीत असेल आणि तिने लेखी मागितलं तर दोघांपैकी एकाची बदली, तिला तीन महिन्यांपर्यंत रजा, आणि तिच्या कामाचा शेरा त्याच्याकडून काढून दुसऱ्याकडे. चौकशी नव्वद दिवसांत संपवा, पण लोकांना दाखवायला म्हणून आठवड्यात उरकू नका. गोवा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाविरुद्धच्या 2009 च्या तक्रारींची चौकशी समितीने अशीच घाईने केली. त्याला बाजू मांडायला पुरेसा अवधी दिला नाही, म्हणून 12 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी रद्द करून प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवलं. त्या तक्रारदार मुलींचा विचार करा. इतकी वर्षं थांबून पुन्हा पहिल्यापासून!

पुढचं थोडक्यात. चौकशी संपल्यापासून दहा दिवसांत अहवाल, प्रत दोघांनाही. साठ दिवसांत कारवाई. अपिलाला नव्वद दिवस, तोवर कपाटाची किल्ली कुणाला देऊ नका. आरोप सिद्ध झाला नाही म्हणजे तक्रार खोटी ठरत नाही, तिच्यावर कारवाईची भाषा कुणी काढली तर कलम 14 दाखवा. साक्ष दिलेल्यांची नावं वेगळी लिहून ठेवा आणि पुढच्या अप्रेझलला त्यांचे शेरे स्वतः वाचा, कारण तिथे कुणी सूड काढला तर ती माणसं आपणहून सांगायला येत नाहीत.