कोयनेच्या कातळाखाली काय दडलंय? गुरुत्वाच्या आकड्यांवरून छेद कसा काढावा

पाटणहून हेळवाककडे निघालात की दोन्ही अंगांना काळा पाषाण. लाव्हाचे थर एकावर एक, डोंगराच्या पायऱ्याच म्हणा ना. या पाषाणाच्या बुडाशी काय असेल? १९७३ साली कृष्ण ब्रह्मम आणि नेगी या अभ्यासकांनी गुरुत्वाच्या नकाशांवरून अंदाज मांडला, की दख्खनच्या लाव्हाखाली दोन खचदऱ्या गाडल्या गेल्या असाव्यात: एक कोयनेची, एक कुर्डुवाडीची. खचदरी म्हणजे दोन भ्रंशांच्या (खडक सरकून पडलेल्या भेगांच्या) मधला जमिनीचा लांबट पट्टा खाली बसून झालेली दरी. तशी दरी खरंच असेल, तर लाव्हा येण्याआधी तिच्यात वाळू-गाळ साचलेला असणार. हा अंदाज आज घरी बसून तपासता येतो. एक लॅपटॉप, क्यूजीआयएस हे नकाशांचं फुकटचं सॉफ्टवेअर आणि दोन-तीन रविवार पुरतात.

आधी आकडे मिळवा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं भूकोश पोर्टल आहे; जागतिक पातळीवर डब्ल्यूजीएम २०१२ ही गुरुत्वाची जाळी, म्हणजे ठरावीक अंतरांवरच्या आकड्यांचा तक्ता, आहे. जागतिक जाळीत साधारण नऊ किलोमीटरपेक्षा लहान गोष्ट शोधू नका, ती तिथे नसतेच. फाइल उतरवताना ‘बूगे’ लिहिलेली घ्या, ‘फ्री एअर’ नको. मी पहिल्या खेपेला नेमकी तीच घेतली. घाटमाथ्याशी रंग असा एकदम बदलला की म्हटलं, सापडला भ्रंश! मित्राला कौतुकानं दाखवला. तो म्हणाला, “अरे, हा तर कुंभार्ली घाट!” फ्री एअरमध्ये उंचीचा हिशेब केलेला असतो, पण पायाखालच्या डोंगराच्या वस्तुमानाचा नसतो. त्यामुळे नकाशात डोंगरच उमटतात. बूगेमध्ये तो डोंगर वजा केलेला असतो.

मग नकाशा. १६.५ ते १८.५ अक्षांश आणि ७३ ते ७६ रेखांश एवढा तुकडा कापा, म्हणजे कोयना आणि कुर्डुवाडी दोन्ही येतील. प्रोजेक्शन यूटीएम झोन ४३ उत्तर. दर ५ मिलिगॅलला (गुरुत्वातला फरक मोजायचं छोटं एकक) एक रेघ काढा. पठारावरचे आकडे उणे दिसतील, घाबरू नका. उंच भूभागाखाली हलक्या कवचाचं मूळ खोल गेलेलं असतं, त्याचा तो परिणाम.

आता खोलचं आणि वरचं वेगळं करा. सगळी गंमत आणि सगळी फसगत इथेच आहे. खोलवरच्या गोष्टींमुळे आकडे शेकडो किलोमीटरवर सावकाश बदलतात, उथळ गोष्टींमुळे थोडक्या अंतरात. जाळी गुळगुळीत करणारा फिल्टर चालवा आणि आलेला नकाशा रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये मूळ नकाशातून वजा करा. उरतो तो अवशेष. फिल्टरची त्रिज्या मात्र एकच ठेवू नका. ३०, ६०, १०० किलोमीटर अशी बदलून बघा. जो खळगा एकाच त्रिज्येला दिसतो आणि बाकीच्यांना गायब होतो, त्याच्यावर माझा तरी विश्वास नाही.

कागदावर गणित करा. आडव्या पसरलेल्या थराचा परिणाम काढायला सोपं सूत्र आहे: ०.०४२ गुणिले घनतेतला फरक (ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर) गुणिले जाडी (मीटर). उत्तर मिलिगॅलमध्ये येतं. तळाच्या ग्रॅनाइटची घनता २.६७ आणि वाळूखडकाची २.४० धरली, तर फरक ०.२७. एक किलोमीटर जाड वाळूखडक असेल तर सुमारे ११ मिलिगॅलची घट. आता बेसॉल्ट, म्हणजे तो लाव्हाचा काळा पाषाण, घ्या. त्याची घनता २.९०, म्हणजे ग्रॅनाइटपेक्षा ०.२३ जास्त. १.२ किलोमीटर बेसॉल्ट सुमारे साडेअकरा मिलिगॅलची भर घालतो. म्हणजे दरी वाळूनं भरली आणि वर लाव्हा बसला, तर दोघं एकमेकांना जवळजवळ खोडून टाकतील आणि नकाशा सपाट दिसेल! उलट, नकाशात खळगा दिसला म्हणून खाली दरी आहे असंही नाही. तिथे कवचच जाड असेल किंवा हलका ग्रॅनाइट असेल.

चुंबकीय नकाशा जोडीला घ्या, पण जपून. आपल्याकडे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र क्षितिजाशी जेमतेम पंचवीसेक अंशांचा कोन करतं, म्हणून खडक जिथे असतो त्याच्या नेमक्या डोक्यावर विसंगती (आजूबाजूपेक्षा वेगळा आकडा) दिसत नाही. त्यात दख्खनचा बराचसा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, चुंबकीय ध्रुव आजच्या उलट असताना थिजला.

शेवटी विवरांशी, म्हणजे खोदलेल्या बोअरहोलशी, ताडून पाहा. इथे सातारकर नशीबवान. ११ डिसेंबर १९६७ च्या ६.३ तीव्रतेच्या भूकंपामुळे कोयना परिसर जगभर अभ्यासला गेला, आणि पुढे तिथे खोल विवरं खोदली गेली. रासाटीच्या विवरात सुमारे ९३३ मीटरवर बेसॉल्ट संपला. गोठण्याच्या तीन किलोमीटर खोल विवरात तो सुमारे सव्वा किलोमीटर निघाला. दोन्हीकडे बेसॉल्टखाली थेट ग्रॅनाइटी खडक, मधे वाळू-गाळाचा जाड थर नाही. जाडीतला फरक बघून दचकू नका. गोठण्याची जमीनच उंचावर आहे. समुद्रसपाटीपासून मोजलं तर इथल्या विवरांत ग्रॅनाइटचा माथा बराचसा सपाट निघाला.

छेद, म्हणजे जमीन उभी कापल्यासारखं चित्र, काढताना चिपळूण-पाटण-कराड-विटा अशी रेघ धरा. विवरानं सिद्ध झालेली सीमा ठसठशीत रेघेनं दाखवा, गणितातून आलेली तुटक रेघेनं, आणि तिच्याशेजारी कोणती घनता धरली ते पेन्सिलीनं लिहून ठेवा. माझ्या छेदावर कोयनेखालची खचदरी खोडलेली आहे. कुर्डुवाडीकडे मात्र ताडून पाहायला माझ्या हाताशी विवर नाही, म्हणून तिथली तुटक रेघ अजून तशीच आहे.