बिल्टीवाले काकाजी आणि ई-वे बिल: दोन पिढ्यांना काम शिकवताना

नागपूरजवळच्या वाडीतल्या एका ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनवर माणसांना ऑफिसचं काम शिकवणं माझ्याकडे आहे. पहिल्या वेळी मी सगळ्यांना एका खोलीत बसवून पडद्यावर ई-वे बिल, म्हणजे माल गाडीने पाठवताना जीएसटीच्या सरकारी साइटवर काढायचं ऑनलाइन बिल, दाखवलं. मे महिना, दुपारचे तीन. तीस वर्षं बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची मालाची पावती, फाडणारे काकाजी मान डोलवत राहिले. दुसऱ्याच दिवशी बिलातला पार्ट बी, म्हणजे गाडी नंबरचा भाग, भरायचा राहिला आणि रायपूरची गाडी रात्रभर अडकली. चूक माझ्या शिकवण्याची होती.

आता आधी दोन दिवस मी नुसती शेजारी बसून पाहते. तुम्हीही पाहा, वयावरून अंदाज बांधू नका. आमची बावीस वर्षांची पोरगी मोबाईलवर झरझर टाइप करते, पण कीबोर्डवर एका बोटाने आकडे शोधत होती.

जुन्या माणसाला त्याच्या हातातल्या कागदापासून शिकवा. मी काकाजींसमोर भरलेली बिल्टी ठेवली. पाठवणारा, घेणारा, माल, किंमत हे पार्ट ए. बिल्टी नंबर आणि गाडी नंबर पार्ट बी. "मंग हे तं आपलीच बिल्टी आहे नं!" काकाजी म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढली.

तरुणांचं उलटं असतं. स्क्रीन लगेच जमते, व्यवहार कळत नाही. राज्याबाहेर 50,000 रुपयांवरचा माल चालला की ई-वे बिल लागतं, दर 200 किलोमीटरला ते एक दिवस चालतं, हे पाठ होतं. पण गाडी रस्त्यात बिघडून माल दुसऱ्या गाडीत टाकला तर? म्हणून त्यांना काकाजींजवळ बसवा. ते घडलेले प्रसंग सांगतात, पोरगी पार्ट बीमध्ये नवा गाडी नंबर टाकते. दोघंही शिकतात, आणि कोणाला कमीपणा वाटत नाही.

मोठ्या माणसाची चूक पोरांसमोर कधीच काढू नका. एकदा मान खाली गेली की तो माणूस पुन्हा विचारत नाही. चुकीचं बिल 24 तासांच्या आत रद्द करता येतं, हे मात्र पहिल्याच दिवशी सांगा; भीती निम्मी होते.

वेळ सकाळी दहाची ठेवा, लोडिंग संध्याकाळी असतं. सराव मागच्या आठवड्याच्या खऱ्या बिल्ट्यांवर, आणि माउस शिकणाऱ्याच्याच हातात. पहिला आठवडा लोडिंगच्या वेळी त्यांच्या मागे उभे राहा, हात पाठीमागे बांधून.