शेळी झोपवणं सोपं, उठायचं बघा

जनावरांच्या डॉक्टरकीच्या इंटर्नशिपमध्ये सिन्नरकडच्या एका वस्तीवर कुत्र्यानं मांडी फाडलेली पाट (तरुण शेळी) समोर आली. वजन वीस किलो. मी अंदाजानं ०.३ मिली झायलाझिन हे गुंगीचं औषध शिरेतून दिलं. टाके वीस मिनिटांत झाले. पाट मात्र तीन तास मान टाकून पडली. आजी सारख्या विचारत होत्या, "डॉक्टर, उठंल ना?"

हिशेब नंतर केला. बाटलीत मिलीला २० मिग्रॅ. शेळीला शिरेतून किलोमागे ०.०५ मिग्रॅ पुरतं, म्हणजे एकूण १ मिग्रॅ, ०.०५ मिली. मी सहापट दिलं होतं! आता औषध सलाइनमध्ये दहापट पातळ करूनच भरतो. गाभण शेळीला तर ते टाळतोच, गर्भाशय आकुंचन पावतं.

नव्यानं शिकणारे विचारतात, शिरेतून द्यायचं भुलीचं औषध कोणतं चांगलं? मी उलट विचारतो, उठायला किती वेळ लागेल?

थायोपेंटोन स्वस्त. पण शिरेबाहेर गळलं तर कातडी सडते, आणि हडकुळ्या शेळीला पुन्हा पुन्हा डोस दिला की ती उठतच नाही. वस्तीवर माझी भिस्त डायझेपाम (०.२५ ते ०.५ मिग्रॅ) आणि केटामिनवर (४ ते ५ मिग्रॅ प्रतिकिलो). दहा-पंधरा मिनिटं मिळतात. गळू फोडायला, टाके घालायला तेवढी बास. डोळे उघडे राहतात, लाळ गळते, घाबरू नका. केटामिन एकटं मात्र देऊ नका, अंग ताठरतं.

प्रोपोफॉलनं जाग सगळ्यात स्वच्छ येते. किलोमागे ४-५ मिग्रॅ, मिनिटभर घेऊन हळूहळू. घाई केली की श्वास थांबतो, त्यामुळे श्वासनलिकेत घालायची नळी आणि ॲम्बू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) हाताशी नसेल तर बाटली उघडूच नका. वेदना त्यानं कमी होत नाही, जखमेभोवती जागा बधिर करणारं लिग्नोकेन हवंच. उरलेली बाटली उद्यासाठी ठेवायची नाही, त्या दुधट औषधात जंतू झपाट्यानं वाढतात.

मोठ्या शेळीचा चारा बारा तास आधी बंद. मालक "काहीच नाही खाल्लं" म्हणतो तेव्हा तिच्या दातांत सुबाभळीचा पाला असतो. मानेखाली गोणपाटाची गुंडाळी ठेवून तोंड उतरतं करा, उलटलेलं पाणी बाहेर पडेल. नंतर छातीवर बसवा, नाहीतर पोट फुगतं. निफाडकडच्या थंडीत अंगावर पोतं टाका.

माझ्या वहीत चार रकाने आहेत: सुई कधी, मान कधी उचलली, उभी कधी राहिली, रवंथ कधी सुरू झाला. चौथा भरेपर्यंत मी चहा वस्तीवरच घेतो.