फर्मचं पेमेंट पार्टनरच्या पर्सनल पॅनवर दिसतंय? टीडीएस आणि रिटर्नमध्ये काय करायचं

प्रोप्रायटरशिपची पार्टनरशिप फर्म झाली, नवा पॅन आला, नवा जीएसटी नंबर आला, बिलंही फर्मच्या नावाने जायला लागली, पण समोरच्या कंपनीच्या सिस्टीममध्ये तुमचा जुना पर्सनल पॅन तसाच राहिला आणि टीडीएस (पेमेंटमधून आधीच कापून सरकारकडे भरलेला टॅक्स) त्याच्यावरच भरला जातोय, हे बऱ्याच ठिकाणी होतं. २६एएस, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या टीडीएसचा तक्ता, उघडलं की फर्मचे पैसे तुमच्या नावावर. मग लोक म्हणतात जाऊ दे, माझ्याच रिटर्नमध्ये दाखवून टाकतो. कृपया असं करू नका. फर्मवर सरसकट ३० टक्के टॅक्स असतो, तुमचा स्लॅब वेगळा, आणि तेच पैसे फर्मच्या जीएसटी रिटर्नमध्येही दिसत असतात, त्यामुळे पुढे हे अंगाशी येतं.

आधी पॅनचं चौथं अक्षर बघा. पी म्हणजे व्यक्ती, एफ म्हणजे फर्म, सी म्हणजे कंपनी. धंदा अजून प्रोप्रायटरशिपच असेल तर दुकानाचं नाव काहीही असो, पॅन तुमचाच लागतो, म्हणजे काहीच चुकलेलं नाही.

फर्म खरंच वेगळी असेल तर बिल, पार्टनरशिप डीड आणि पेमेंट जमा झालेलं बँक स्टेटमेंट काढून ठेवा. बिलावरचा जीएसटी नंबर नीट बघा, महाराष्ट्रात तो २७ ने सुरू होतो आणि त्यापुढची दहा अक्षरं म्हणजेच फर्मचा पॅन. अकाउंट्सवाल्यांना पटवायला एवढं पुरतं.

आता मुख्य काम. पुढे दिलेले कलमांचे आणि फॉर्मचे नंबर १९६१ च्या आयकर कायद्याचे, म्हणजे ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या पेमेंटसाठीचे आहेत. पेमेंट करणाऱ्याला लेखी डिक्लरेशन द्या, फोनवर सांगून भागत नाही. आयकर नियम ३७बीए मध्ये याची सोय आहे: हे उत्पन्न माझं नसून अमुक फर्मचं आहे, फर्मचं नाव, पत्ता, पॅन, कुठलं पेमेंट आणि क्रेडिट फर्मला का द्यायचं, एवढं लिहायचं. ईमेल करा आणि पोच जपून ठेवा. मग ते २६क्यू चं (टीडीएसच्या तिमाही विवरणाचं) करेक्शन स्टेटमेंट भरतात, एंट्री तुमच्या २६एएस मधून फर्मच्या २६एएस मध्ये जाते, आणि फॉर्म १६ए, म्हणजे टीडीएसचं सर्टिफिकेट, सुद्धा फर्मच्या नावाने नव्याने मागून घ्या.

इथे कंपन्या का टाळाटाळ करतात ते समजून घ्या. कॉन्ट्रॅक्टच्या पेमेंटवर कलम १९४सी खाली व्यक्तीचा टीडीएस १ टक्का आणि फर्मचा २ टक्के. समजा ४ लाखांच्या बिलावर ४,००० कापलेत, पॅन बदलला की तिथे ८,००० हवे होते असं निघतं आणि फरक अधिक व्याज त्यांच्या डोक्यावर बसतं. त्यांना सरळ सांगा की फरकाची रक्कम पुढच्या बिलातून कापा, फर्मला त्याचंही क्रेडिट मिळणारच आहे. प्रोफेशनल फीवर दोघांनाही १० टक्केच असल्यामुळे तिथे ही भानगड नाही.

दरम्यान तुमच्या आयकर पोर्टलच्या पर्सनल लॉगिनमधून एआयएस (तुमच्या व्यवहारांची वार्षिक माहिती) उघडून त्या एंट्रीवर फीडबॅक द्या, माहिती दुसऱ्या पॅनची किंवा दुसऱ्या वर्षाची आहे असा पर्याय तिथे असतो.

रिटर्नची तारीख आली आणि करेक्शन झालंच नाही, तर उत्पन्न फर्मच्या आयटीआर ५ मध्येच (फर्मच्या रिटर्नचा फॉर्म) दाखवा. टीडीएसच्या शेड्यूलमध्ये क्रेडिट स्वतःचं की दुसऱ्या व्यक्तीचं असा रकाना आहे, फर्मच्या रिटर्नमध्ये तिथे तुमचा पॅन टाकायचा आणि तुमच्या रिटर्नमध्ये तीच रक्कम फर्मच्या पॅनसमोर दाखवून स्वतःचा क्लेम शून्य ठेवायचा. याच शेड्यूलमध्ये कलम ५ए चा उल्लेख दिसेल, तो गोव्यातल्या नवरा-बायकोंमध्ये उत्पन्न वाटून दाखवण्यासाठी आहे, त्याने गोंधळू नका. दोन्ही रिटर्नमधले आकडे रुपयाला रुपया जुळले पाहिजेत, आणि शक्यतो दोन्ही रिटर्न एकाच सीएकडून भरा, कारण घोळ बहुतेक वेळा इथेच होतो.

एवढं करूनही उत्पन्न जुळत नाही म्हणून आयकर खात्याची सूचना आली तर घाबरून टॅक्स भरून टाकू नका. सूचनेत दिलेल्या मुदतीत पोर्टलवर असहमती नोंदवा आणि डिक्लरेशन, बिल आणि फर्मच्या रिटर्नची पावती हाताशी ठेवा.