गर्दीच्या दिवशी विंडो आणि डेस्कटॉप न चुकता कसे बदलावेत

खरिपाची पेरणी उरकली की यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या सेवा केंद्रात पीक विम्याच्या अर्जांसाठी रांग लागते. त्या काळात एकाच पडद्यावर अर्जाचे संकेतस्थळ, सातबारा, पासबुकाचे स्कॅन, नावांची एक्सेल यादी आणि फाइलींचे फोल्डर असे सगळे एकावर एक उघडे असते. दोन हंगामांपूर्वी अशाच गडबडीत मी चुकीची विंडो समोर आणली आणि एकाचा सातबारा दुसऱ्याच्या अर्जाला जोडला. समोर बसलेले काकाजी पडद्याकडे बघून "हा गट नंबर माहा नाही ना, बापू" असे म्हणाले, म्हणून निभावले. तेव्हापासून माउसने विंडो धुंडाळणे मी सोडले आहे आणि प्रत्येक कामाला ठरलेली जागा दिली आहे.

सुरुवात कीबोर्डवरच्या ऑल्ट आणि टॅब या बटणांच्या जोडीपासून करावी. ऑल्ट दाबून ठेवून टॅब एकदाच दाबला आणि दोन्ही बटणे सोडली, तर याआधी वापरलेली विंडो समोर येते; पुन्हा तेच केले की आपण मूळ जागी परततो. विंडोंचा क्रम त्या उघडल्या तेव्हाचा नसून शेवटी कधी वापरल्या यावर ठरतो, ही गोष्ट एकदा ध्यानात आली की या जोडीचा खरा उपयोग कळतो. एक्सेलमधला खाते क्रमांक बघून अर्जात भरायचा असेल, तर आधी एकदा यादीवर आणि एकदा अर्जावर क्लिक करावे. त्यानंतर कितीही नावे भरायची असली तरी ऑल्ट-टॅबची एकेक टिचकी पुरते. मधेच तिसरी विंडो उघडली की ही जोडी मोडते, आणि माझी चूक नेमकी तिथेच झाली होती. हवी ती विंडो ओलांडून पुढे गेल्यास ऑल्ट न सोडता शिफ्टसह टॅब दाबावा, म्हणजे निवड मागे सरकते.

रोज लागणारे प्रोग्राम टास्कबारवर, म्हणजे पडद्याच्या तळाच्या पट्टीवर, एका ठरावीक क्रमाने पिन करून (कायमचे लावून) ठेवावेत. माझ्याकडे ब्राउझर पहिला, फाइलींचे फोल्डर दुसरे आणि एक्सेल तिसरे आहे. त्यामुळे विंडोजचे चिन्ह असलेले बटण आणि ३ हा आकडा दाबला की एक्सेल समोर येते, बंद असेल तर उघडते. ब्राउझरच्या आतले टॅब मात्र वेगळ्या बटणांनी बदलतात : कंट्रोल आणि टॅबने पुढचा टॅब, तर कंट्रोल आणि १ ते ८ या आकड्यांनी त्या त्या क्रमांकाचा टॅब उघडतो. ९ या आकड्याने नववा टॅब उघडत नाही, सर्वांत शेवटचा उघडतो.

एवढ्यानेही भागत नसेल, तर वेगवेगळे डेस्कटॉप, म्हणजे एकाच संगणकावर प्रत्येक कामासाठी स्वतंत्र पडदे, करावेत. ही सोय विंडोजमध्ये २०१५ साली विंडोज १०सोबत आली. विंडोज आणि टॅब ही बटणे एकत्र दाबली की उघड्या विंडो आणि सगळे डेस्कटॉप लहान चित्रांच्या रूपात दिसतात. विंडोज, कंट्रोल आणि डी एकत्र दाबल्यास नवा, कोरा डेस्कटॉप तयार होतो, आणि विंडोज व कंट्रोलसोबत डावा किंवा उजवा बाण दाबून एकावरून दुसऱ्यावर जाता येते. एखादी विंडो चुकीच्या डेस्कटॉपवर उघडली असेल, तर त्या लहान चित्रांच्या दृश्यात ती धरून हव्या त्या डेस्कटॉपवर ओढून न्यावी. मी पहिल्यावर अर्ज, दुसऱ्यावर ग्रामपंचायतीचे दाखले आणि तिसऱ्यावर केंद्राचा हिशेब ठेवतो; तीनपेक्षा जास्त केले की कुठे काय ठेवले हेच आठवत नाही. काम संपल्यावर विंडोज, कंट्रोल आणि एफ-४ दाबून समोरचा डेस्कटॉप बंद करता येतो. काही लॅपटॉपवर त्यासोबत एफ-एन हे बटणही दाबावे लागते. डेस्कटॉप बंद केला तरी त्यावरच्या विंडो बंद होत नाहीत, त्या शेजारच्या डेस्कटॉपवर जातात.

येथे एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. डेस्कटॉप वेगळा केला म्हणजे लॉगिनही वेगळे झाले, असा अनेकांचा समज होतो, पण तो चुकीचा आहे. एकाच ब्राउझरमधून एका डेस्कटॉपवर एका शेतकऱ्याचे आणि दुसऱ्यावर दुसऱ्याचे खाते त्याच संकेतस्थळावर उघडले, तर बहुतेक वेळा नंतरचे लॉगिन आधीच्याची जागा घेते आणि पहिल्याची माहिती दुसऱ्याच्या खात्यात जाण्याचा धोका राहतो. दोन खाती एकाच वेळी उघडी ठेवणे भागच असेल, तर ब्राउझरमध्ये वेगळे प्रोफाइल (ज्यात लॉगिन स्वतंत्र राहते) करावे किंवा दुसरे खाते सरळ दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडावे. माझे मत विचाराल, तर एकाचे लॉगआउट केल्याशिवाय दुसऱ्याचा अर्ज उघडूच नये. रांग थोडी हळू सरकली तरी चालेल.

ज्यांच्या संगणकावर विंडोजऐवजी उबुंटू ही दुसरी संगणक प्रणाली आहे त्यांनाही ऑल्ट-टॅब वापरता येतो. तेथे डेस्कटॉपला वर्कस्पेस म्हणतात आणि विंडोजच्या बटणाला सुपर; सुपरसोबत पेज-अप किंवा पेज-डाउन दाबले की वर्कस्पेस बदलते, आणि त्यात शिफ्टही दाबले तर समोरची विंडो आपल्यासोबत पुढच्या वर्कस्पेसवर येते. शेवटची सोय मला विंडोजपेक्षा सरस वाटते, कारण माउसला हात लावावा लागत नाही.

आमच्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो आणि केंद्रातला इन्व्हर्टरही जुना झाला आहे. समोर नसलेल्या डेस्कटॉपवर अर्धवट राहिलेली एक्सेल यादी अशा वेळी हमखास विसरली जाते, म्हणून बाणाचे बटण दाबून पुढच्या डेस्कटॉपवर जाण्याआधी कंट्रोल आणि एस दाबून फाइल सेव्ह करण्याची सवय मी बोटांना लावून घेतली आहे.