कृष्णाकाठ: धरणाचा विसर्ग मागनं बघा, आधी आपला चर बघा

मृग तोंडावर आलाय. पलूस, वाळवा, मिरजेच्या काठच्या गावांत आता रोज सकाळी एकच चौकशी: कोयना धरणातून किती सोडलं, सांगलीच्या आयर्विन पुलाला किती फूट? 40 ला इशारा, 45 ला धोका, हे पोराटोरांनाही पाठ आहे. 2005 चा पूर झाला, 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं, 2021 ला परत पूर. पण तुझा चर, म्हणजे रानातलं पाणी बाहेर काढणारी नाली, कुठं तुंबलाय विचारलं की निम्मे गप्प.

2021 ला भिलवडीच्या बाजूला दोन रानं बघितली, बांधाला बांध लागून. दोन्हीत को 86032 जातीचा ऊस, लागणही एकाच आठवड्यातली. एकाचा चर उघडा होता, नदी उतरली तशा चार दिवसांत सऱ्या मोकळ्या झाल्या. दुसऱ्यानं चर नांगरून दोन सऱ्या वाढवलेल्या, तिथं बारा दिवस पाणी हललं नाही. एक मूळ चिमटीत धरून ओढलं, तर साल हातात आली आणि आत नुसता काळा दोरा. दोन सऱ्यांच्या हावेपायी अख्खा प्लॉट गेला.

म्हणून पहिला पाऊस पडायच्या आत चर उकरा. सरीच्या तळापेक्षा वीतभर तरी खोल हवा, आणि शेवट ओढ्याला मिळाला पाहिजे, शेजाऱ्याच्या बांधाला नव्हे. शेजाऱ्याशी भांडण असलं तर ते आत्ताच मिटवा, पाण्यात उभं राहून मिटत नाही.

अजून एक. खोलगट रानात पाणी नदीकडनं येतच नाही, ओढ्यातनं मागनं येतं. वाहता ओढा थबकला आणि केरकचरा उलटा सरकायला लागला, की मी आयर्विनचा आकडा बघत बसत नाही, मोटर काढतो. अजून तरी फसलो नाही.

बाकी कामं:
- मोटर, स्टार्टर, पेटी वर काढायची सोय
- जनावरांचा चारा उंचावर
- सातबारा, बँक पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत
- उभ्या पिकाचे आत्ताच फोटो, पंचनाम्याला लागतात

खोलगट रानात जुलैत आडसाली (जुलै-ऑगस्टची लागण) ऊस लावू नका, लावलेली कांडी कुजते. मी स्वतः तिथं पूर्वहंगामीच, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरची लागण, धरतो.

पाणी उतरल्यावर दुकानातनं ‘पूर स्पेशल’ किट येईल, ह्युमिक, टॉनिक आणि काय काय. मूळच कुजलंय तर टॉनिक पिणार कोण? आधी चर फोडून पाणी काढा, वापसा येऊ द्या, म्हणजे माती ओलसर पण मोकळी होऊ द्या. वापशाआधी खताचं पोतं फोडू नका. पोंग्यातला (शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीतला) गाळ स्वच्छ पाण्यानं धुवा. पोक्का बोइंग (शेंड्याच्या पानांचा बुरशीचा रोग) दिसला तर कॉपर ऑक्सिक्लोराइड 3 ग्रॅम किंवा कार्बेन्डॅझिम 1 ग्रॅम प्रति लिटर, दोन्हीपैकी एकच. पिवळ्या पडलेल्या पिकावर 2 टक्के युरिया, म्हणजे 100 लिटरला 2 किलो. शेंडा कुजून पांगशा (कांड्यांवरच्या डोळ्यांतनं फुटलेले कोंब) फुटल्या असतील, तर तो ऊस पहिल्या तोडीला घाला, वजन रोज घटतं.

आणि रस्त्याखालची मोरी. चर कितीही उकरला तरी तिथं पाचट आणि प्लॅस्टिक अडकलं की सगळं फुकट. आज संध्याकाळी फेरी मारा, वाकून बघा. पलीकडचा उजेड दिसला पाहिजे.