जुनी गाडी तापते? हेड उघडायच्या आधी हे तपासा

गाडी तापते एवढ्यावरून काहीच कळत नाही, कधी तापते ते आधी बघा. नागपुरात व्हेरायटी चौकाच्या सिग्नलला उभं राहिलं की टेंपरेचरचा काटा चढतो आणि गाडी पळायला लागली की उतरतो, तर फॅनचं काम आहे. वर्धा रोडने बुटीबोरीकडे ८० च्या स्पीडने जाताना चढत असेल तर फॅनला हात लावू नका, त्या स्पीडला हवा तशीच भरपूर मिळते, म्हणजे पाणी नीट फिरत नाहीये किंवा रेडिएटर चोक झालाय.

फॅन तपासायला दहा मिनिटं पुरतात. फ्यूज, रिले, मग मोटरला थेट बॅटरीची वायर. मारुती ८०० सारख्या साध्या गाडीत थर्मोस्विचचं (पाणी तापलं की फॅन चालू करणारा स्विच) सॉकेट काढून त्याच्या दोन वायरी जोडा, इग्निशन ऑन करा, फॅन फिरला तर स्विच गेलाय. हात पात्यांपासून लांब ठेवा.

आता थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम झालं की पाण्याला रेडिएटरची वाट उघडून देणारी वॉल्व्ह. आपल्याकडे कोणालाही विचारा, काढून टाका म्हणतो, इतक्या उन्हात त्याचं काय काम. मला हा सल्ला अजिबात पटत नाही. बाहेर ४५ डिग्री असो की १०, इंजिनला ८०-९० च्या आसपासच चालायचं असतं, थर्मोस्टॅट नसला की हिवाळ्यात इंजिन नीट गरमच होत नाही, पेट्रोल जास्त पितं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे अर्धा चोक झालेला रेडिएटर थंडीभर झाकला जातो आणि मे महिन्यात नेमका भर रस्त्यात दगा देतो. काटा अर्ध्याच्या वर गेला तरी इंजिनकडून रेडिएटरला जाणारा वरचा पाईप थंडच असेल, तर बहुतेक जुन्या गाड्यांत थर्मोस्टॅट उघडत नाहीये असं समजा. काढा, गंजात (पातेल्यात) पाण्यात टांगून गॅसवर ठेवा, पाणी उकळायच्या आत उघडायला पाहिजे. नाही उघडला तर नवीन टाका, जागा रिकामी ठेवू नका.

वरचा पाईप चटका देणारा आणि खालचा गार, तर रेडिएटर आतून चोक आहे. बोअरचं पाणी भरत गेलं की हेच होतं, कूलरच्या ताट्यांवर जो पांढरा थर चढतो तोच आत नळ्यांमध्ये चढत राहतो. पाणी भरायचंच तर बॅटरीवालं डिस्टिल्ड, तेही कूलंटसोबत निम्मं-निम्मं.

आता खरा डोकेदुखीचा भाग, पाणी कमी होतं पण खाली एक थेंब दिसत नाही. इथेच लोक घाबरतात आणि इथेच गॅरेजमध्ये "हेड उघडावं लागेल भाऊ" ऐकायला मिळतं, हेड म्हणजे सिलिंडरांवर बसणारा इंजिनचा वरचा भाग. मलाही हे उलगडायला बरेच उन्हाळे लागले, म्हणून सविस्तर सांगतो.

सकाळी गाडी पूर्ण थंड असताना रेडिएटरची कॅप उघडा. गरम गाडीची कॅप कधीच उघडायची नाही, कपडा धरूनही नाही, आतलं पाणी दाबाखाली १०० च्या वर असतं आणि कॅप सैल होताच वाफ होऊन तोंडावर येतं. थंड गाडीत रेडिएटरला नळीने जोडलेली कूलंटची बाटली भरलेली आणि रेडिएटर मात्र खाली दिसला, तर पाणी कुठेच गेलेलं नाही. कॅपमध्ये खाली मधोमध एक छोटी वॉल्व्ह असते, इंजिन थंड होताना ती उघडते आणि बाटलीतलं पाणी परत आत ओढलं जातं. तिचं रबर कडक झालं किंवा बाटलीची बारीक नळी चिरली की पाण्याऐवजी हवा ओढली जाते. कॅप बदला, जुन्या कॅपवर दाबाचा जो आकडा असेल, समजा ०.९, तोच नवीनवर पाहिजे. नळी पण बदला, दोन्ही मिळून स्वस्तातलं काम आहे आणि कितीतरी गाड्या एवढ्यावरच सुधारतात.

बाटली आणि रेडिएटर दोन्ही कमी होत असेल तर प्रेशर टेस्टर असलेलं गॅरेज शोधा. थंड गाडीवर कॅपच्या आकड्याइतका दाब द्यायचा आणि पंधरा मिनिटं बघत राहायचं. पाईपांच्या क्लिपांशी पांढरे-हिरवे डाग किंवा वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकाशी ओल दिसली, तर गळती तिथेच आहे. पुढच्या सीटसमोर पायाखालचं कार्पेट ओलं आणि गोडसर वास, म्हणजे हीटरची जाळी गळते. बाहेर काहीच नाही आणि दाब उतरतोय, तेव्हा कुठे हेड गॅस्केटचा, म्हणजे हेड आणि खालच्या ब्लॉकच्या मधल्या सीलचा, विचार करा.

त्याचीही खात्री करून घ्या. रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले म्हणून गॅस्केट गेलं असं होत नाही, पाणी नुकतंच बदललं असेल तर ते एअरलॉकचे (आत अडकलेल्या हवेचे) असू शकतात. गाडीचं नाक चढावर करा, हीटर फुल गरमवर, थंड इंजिनलाच कॅप काढून ठेवा आणि मग चालू करा, फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत आयडलला चालू द्या, पातळी उतरली की भरत राहा, तोंड लांब ठेवा. एअरलॉकचे बुडबुडे हळूहळू थांबतात. गॅस्केटचे थांबत नाहीत, रेस दिली की वाढतात. आणि माझी सगळ्यात भरवशाची खूण: दुसऱ्या सकाळी कॅप लावून थंड गाडी चालू करा आणि एक-दोन मिनिटांत वरचा पाईप दाबून बघा. हाताला गारच लागतोय पण टणक झालाय, तर हा दाब गरमीचा नाही, सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. वरून ब्लॉक टेस्टरचं (रेडिएटरच्या तोंडाशी धरून जळालेला गॅस ओळखणारं साधन) निळं पाणी पेट्रोल गाडीत पिवळं पडलं की प्रश्न संपला. ऑइलच्या झाकणाखाली नुसती पांढरी साय दिसली म्हणून मात्र हेड उघडू देऊ नका, थंडीत जवळजवळच्या फेऱ्यांनीही ती जमते.

रस्त्यात काटा लालवर गेला तर एसी बंद, सावलीत थांबा, इंजिन बंद, आणि तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका, ॲल्युमिनियमचं हेड वाकतं. काढलेलं कूलंट गोड लागतं पण विष आहे, गल्लीतल्या कुत्र्या-मांजरांच्या तोंडी लागेल असं उघड्यावर ठेवू नका.

हेड उघडावंच लागलं तर फक्त नवीन गॅस्केट लावून परत बसवू देऊ नका. समोर उभं राहून हेडवर सरळ पट्टी ठेवायला लावा, वाकलं असेल तर आधी फेसिंग (मशीनवर सपाट करणं), मगच गॅस्केट, आणि बोल्ट टॉर्क रेंचनेच कसायला सांगा.